मिलमधून घरी यायला तीन वर्षं लागली

नाताळच्या आधीच्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. साक्ष म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते चार लोकांत सांगायचं. मी उठले, पदर सारखा केला, "मी वंदना" एवढं म्हटलं आणि पुढं शब्दच फुटेना. खाली बसले. कोणी हसलं नाही. बाजूच्या बाईनं उपासना संपेपर्यंत माझा हात धरून ठेवला.

घरी येताना गाडीवर माझे यजमान, आमच्या मितालीचे बाबा, म्हणाले, "बोलता येत नाही तर लिहून काढ. लिहिताना कोणी तोंडाकडे पाहून राहत नाही."

म्हणून लिहिते आहे. मी बारावी शिकलेली, पण पत्रापलीकडं आजवर काही लिहिलं नाही. लिहिताना एक बाई माझ्या डोळ्यांसमोर आहे. ती कुठल्यातरी इस्पितळाच्या खाटेवर पडून छताचा पंखा पाहते आहे, आणि भेटायला येणारा प्रत्येक जण तिला म्हणतो आहे, "वाचलीस ना, मग आता कायले रडतेस?" हे तिच्यासाठी आहे.

त्या दिवशी

आमचं गाव मोहाडी तालुक्यातलं. घरी थोडी धानाची शेती, आणि मितालीचे बाबा शेती सांभाळून गवंडीकामाला जातात. घरात आम्ही चौघं: ते, मी, सासूबाई आणि आमची एकुलती एक मिताली. दिवाळीनंतर धान कापून झालं की गावातल्या बऱ्याच बाया राइस मिलमध्ये कामाला जातात. मीही पाच वर्षं जात होते. आवारात उकडलेलं धान पसरायचं, पायानं फिरवत राहायचं, पोत्यांची तोंडं शिवायची, मशीनखाली सांडलेली कणी झाडून गोळा करायची.

माझे केस कमरेच्याही खाली होते. लग्नात सासूबाईंनी पाहुण्यांना माझी वेणी हातात धरून दाखवली होती. मिलमध्ये मी ती गुंडाळून वर दुपट्टा बांधायची. त्या दिवशी धानाच्या कोंड्यानं मान खाजत होती, म्हणून दुपट्टा सैल केला आणि कणी झाडायला वाकले. माझ्या मागं मशीनच्या फिरत्या दांड्यावर, शाफ्टवर, झाकण नव्हतं.

कोणीतरी मागून वेणी ओढली. मला वाटलं, सोबतची लता मस्करी करते आहे. मी हसतच म्हटलं, "सोड ना वं."

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. पत्र्याचं छत. "बंद करा, बंद करा" असा ओरडा. लतानं माझ्या डोक्यावर दाबून धरलेलं रिकामं पोतं आणि तिचा रडून वाकडा झालेला चेहरा. दुखणं आठवत नाही. माझी एक चप्पल आत राहिली आणि ती कोणीतरी आणावी, एवढंच मी सारखं म्हणत होते, असं लता नंतर सांगायची.

दीड महिना

भंडाऱ्याहून मला नागपूरच्या मोठ्या इस्पितळात नेलं. तिसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेजवळ स्टूल ओढून बसले. आधीचे सगळे उभ्याउभ्या बोलून जायचे, म्हणून ते बसले तेव्हाच मला कळलं की काहीतरी वाईट सांगणार.

"ताई, डोक्याची कातडी केसांसकट सोलून निघाली आहे. मांडीची कातडी काढून तिथं लावावी लागेल. जखम भरेल. पण तिथं केस परत येणार नाहीत."

मितालीचे बाबा लगेच म्हणाले, "चालते साहेब. जीव राहिला ना."

मी विचारलं, "मले माझ्या पोरीची वेणी घालता येईल ना?"

डॉक्टर गोंधळले. माझे हात धडधाकट होते, हातांना काही झालंच नव्हतं. पण मला खरंच ते विचारावंसं वाटलं होतं. मिताली तेव्हा सात वर्षांची होती. रोज सकाळी शाळेत जाण्याआधी ती माझ्या पुढ्यात बसायची आणि मी तिच्या दोन वेण्या घालून लाल रिबिनी बांधायची. ते डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "येईल. नक्की येईल."

वॉर्डातला दिवस फरशी पुसायच्या फिनाइलच्या वासानं सुरू व्हायचा. मग चहा, मग ड्रेसिंगची ट्रॉली. ट्रॉलीचं एक चाक करकरायचं. ती आमच्या रांगेत वळली की मी चादरीचं टोक दातात धरायची. शेजारच्या खाटेवर गोंदियाकडची एक भाजलेली आजी होती. तिचं ड्रेसिंग माझ्या आधी व्हायचं. स्वतः कण्हत कण्हत ती माझ्याकडं मान वळवून म्हणायची, "हलक्या हाताची सिस्टर आली वं आज. भिऊ नको." एकदाही खरं नसायचं. पण ती रोज म्हणायची.

वॉर्डात बेसिनवर एक आरसा होता. मी पहिल्यांदा उठून चालायला लागले त्या सकाळी झाडणाऱ्या मावशीनं त्यावर आपला टॉवेल टांगून ठेवला. डॉक्टर राउंडला आले की ती काढायची, गेले की परत टांगायची. त्या मावशीचं नाव मी विचारलं नाही, याची मला अजून रुखरुख आहे.

मितालीचे बाबा खाटेखाली सतरंजी टाकून झोपायचे. गवंड्याचे हात ते. पपई कापायला शिकले, बेडपॅन द्यायला शिकले, माझ्या पाठीला पावडर लावायला शिकले. सासूबाई मात्र एकदाच आल्या. वॉर्डाच्या दारात उभ्या राहिल्या, डबा खाली ठेवला आणि माझ्याकडं न बघताच माघारी फिरल्या. जिची वेणी त्यांनी मिरवली होती, तिचं बांधलेलं डोकंसुद्धा त्यांना पाहवलं नाही. ते माझ्या मनाला फार लागलं.

वाचले, पण

घरी आले तेव्हा सगळं संपलं असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं.

ड्रेसिंग अजून तीन महिने चालणार होतं. जवाहरनगरच्या फाट्याजवळ एका छोट्या दवाखान्यात रूथ सिस्टर म्हणून एक निवृत्त नर्स आठवड्यातून दोनदा बसायच्या. त्यांचे यजमान तिथल्या फॅक्टरीत होते, ते वारल्यावर त्यांनी तिथंच लहानसं घर घेतलं होतं. मितालीचे बाबा मला गाडीवर त्यांच्याकडं न्यायचे. सत्तरीच्या, जाड भिंगाचा चष्मा, एका कानानं कमी ऐकू येणाऱ्या. त्यांचा हात मात्र खरंच हलका होता. पट्टी सोडवताना त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या.

"काय म्हणता जी?" मी एकदा विचारलं.

"प्रार्थना करते बेटा. तुह्यासाठी. येशूनं सांगून ठेवलं आहे, आपल्या डोक्यावरचा केस न् केस देवानं मोजलेला आहे."

माझ्या तोंडून फटकन निघालं, "मंग आता मोज म्हणा त्याले. मोजायचं कामच नाही राहिलं."

मितालीचे बाबा "वंदना!" म्हणून ओरडले. सिस्टरांनी त्यांना हातानं थांबवलं. कापूस लावत राहिल्या. मग म्हणाल्या, "माहा जॉन गेला तेव्हा मीबी त्याले असंच बोलली होती. एकवीस वर्षांचा पोरगा. दोन वर्षं चर्चची पायरी नाही चढली." पट्टी बांधली आणि म्हणाल्या, "सोमवारी येजो."

त्यांनी रागावायला हवं होतं, किंवा समजवायला. त्यांनी दोन्ही केलं नाही, म्हणून त्यांचं बोलणं माझ्या लक्षात राहिलं.

घरात मात्र मी वेगळीच होत चालले होते. शेजारी मिक्सर लागला की माझे हातपाय गार पडायचे. शेतातली मोटर, वरातीचा जनरेटर, कोणाच्या अंगणातला उफणणीचा पंखा, काहीही सुरू झालं की मी कानांवर हात दाबून भिंतीला पाठ लावून बसायची. मागून कोणी आलं तर किंचाळायची. कोंड्याच्या वासानं उलटी व्हायची, आणि आमच्या गावात दिवाळीपासून होळीपर्यंत दुसरा वास कुठला असतो?

मला ते सगळं कोणालातरी सांगायचं होतं. मितालीच्या बाबांना सांगायला गेले की ते म्हणायचे, "नको आठवू, तुलेच त्रास होते." सासूबाई तर ताडकन उठूनच जायच्या. "झालं ते झालं. काहून उकरून काढतेस?" लता भेटायला आली की रडायचीच, मग मीच तिला समजवायची. एकदा मितालीचे बाबाच वैतागून बोलून गेले, "दुपट्टा सोडायची काय गरज होती तुले?" लगेच त्यांनी माफी मागितली. पण ते वाक्य माझ्या आत आधीच होतं. त्यांनी फक्त मोठ्यानं म्हटलं.

कैची

हा भाग लिहायला चार दिवस लागले.

घरी येऊन पाच-सहा महिने झाले होते. मितालीला घेऊन मी गहू दळायला गावातल्या चक्कीवर गेले. गहू ठेवून, चक्की सुरू व्हायच्या आत निघायचं, असं ठरवून गेले होते. चक्कीवाल्यानं आधीच्या गिऱ्हाइकासाठी पट्टा चालू केला. मिताली पीठ कसं पडतं ते बघायला वाकली. तिची वेणी पुढं लोंबली. पट्टा तिच्यापासून चांगला चार हात लांब होता. हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला तो तिच्या केसांत दिसला.

मी तिला ओढत घरी आणलं. मितालीच्या बाबांच्या दाढीच्या डब्यातली कैची घेतली आणि तिच्या दोन्ही वेण्या मुळातून कापून टाकल्या. ती आधी "आई, आई" म्हणत होती. मग गप्प झाली. रडली नाही, नुसती उभी राहिली. तिच्या कानाला कैचीचं टोक लागलं होतं आणि रक्ताची बारीक धार मानेवर आली होती. ती धार बघून मी भानावर आले. माझ्या हातात लाल रिबीन होती.

मितालीचे बाबा कामावरून आले, दारातच थांबले. माझ्यावर आवाज चढवला नाही. पोरीला उचललं, तिचा कान पुसला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला नाकाडोंगरीला, आपल्या बहिणीच्या घरी नेऊन सोडलं. जाताना मिताली माझ्याकडं बघत नव्हती. बापाच्या खांद्यात तोंड घालून बसली होती.

परत आल्यावर ते माझ्यासमोर बसले आणि पहिल्यांदा माझ्यासमोर रडले. "मले कळत नाही वंदना, तुले कोणाकडे नेऊ."

दुसरं निदान

रूथ सिस्टरांनीच सांगितलं कोणाकडं न्यायचं ते. भंडाऱ्यात मनाच्या आजारांचे एक डॉक्टर होते. वेड्यांच्या डॉक्टरकडं जाणार नाही म्हणून मी अडून बसले. सिस्टर म्हणाल्या, "डोक्यावरच्या जखमेले डॉक्टर चालतो, डोक्यातल्या जखमेले काहून नाही चालत?"

त्या डॉक्टरांनी तासभर प्रश्न विचारले. झोप, आवाज, वास, भीती. मग म्हणाले, "ताई, तुम्ही वाईट आई नाही आणि वेड्याही नाही. हा आजार आहे. मोठ्या अपघातानंतर पुष्कळांना होतो. तुमचं शरीर इस्पितळातून घरी आलं. मन अजून मिलमध्येच आहे. त्याला घरी आणायला वेळ लागेल, पण ते येतं."

आजार आहे, एवढं ऐकूनच मी रडले. इतके दिवस मला वाटत होतं की तो माझा स्वभाव झाला आहे.

गोळ्या सुरू झाल्या. झोप थोडी लागू लागली. पण मिताली घरात नव्हती. तिचं दप्तर अडकवायचा खिळा रिकामा होता.

सांग त्याले

एका गुरुवारी मी रूथ सिस्टरांच्या घरी गेले. ड्रेसिंग कधीच संपलं होतं. मी गेले आणि उंबऱ्यातच म्हटलं, "तुमच्या देवाले सांगा, माही पोरगी आणून दे म्हणावं."

त्या तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवलं. "ये, बस. तूच सांग त्याले."

"मले नाही येत प्रार्थना."

"प्रार्थना म्हणजे काय वं? सांगणंच आहे. काय झालं ते सांग. पहिल्यापासून."

"त्याले माहीत नाही का?"

"त्याले माहीत आहे. पण तुह्या तोंडून कोणी ऐकलं का अजून? पुरतं?"

कोणीच ऐकलं नव्हतं.

सिस्टरांनी पदर डोक्यावर घेतला, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि डोळे मिटले. मी बोलायला लागले. दुपट्ट्यापासून. मान खाजत होती तिथपासून. वेणी ओढली गेली तिथपर्यंत आले, "सोड ना वं" म्हटल्याचं सांगितलं आणि पुढं जाता येईना. त्याच तीन शब्दांवर मी अडकले. मी हसत होते, हे मला सहन होत नव्हतं. ते घडत असताना मी हसत होते.

सिस्टरांनी "पुढं" असं म्हटलं नाही. "नको आठवू" असंही म्हटलं नाही. त्या तशाच हात धरून बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "प्रभू, तू तिथंच होतास. तिचं हसणंबी तू ऐकलंस. आता तिले धरून ठेव." आणि आमेन.

चमत्कार झाला नाही. माझ्या अंगातून काही निघून गेलं नाही, उजेडही दिसला नाही. मी त्यांच्या खाटेवर आडवी झाले आणि भर दुपारी तीन तास गाढ झोपले. उठले तेव्हा सिस्टर स्वयंपाकघरात पोळ्या लाटत होत्या आणि मितालीचे बाबा बाहेर गाडीवर बसून होते. त्यांनी विचारलं, "कसं वाटून राहिलं?" मी म्हटलं, "भूक लागली." कित्येक महिन्यांत मी हे म्हटलं नव्हतं.

मग दर गुरुवारी जायला लागले. दर वेळी मी थोडी पुढं जायची. छत, ओरडा, पोतं, चप्पल. डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे चालू ठेवा. मोकळं होण्याचाच रस्ता आहे तो."

पदर घेतलेल्या बाया

काही महिन्यांनी मी रविवारच्या उपासनेला गेले. मोठं चर्च नाही, एक लांबट खोली, खाली सतरंज्या, एक पेटी आणि एक ढोलक. वीस-पंचवीस माणसं. प्रार्थना सुरू झाली तशा सगळ्या बायांनी डोक्यावर पदर घेतले. मी आजूबाजूला पाहिलं. अपघातानंतर पहिल्यांदाच मी अशा जागी बसले होते, जिथं सगळ्यांचीच डोकी झाकलेली होती. माझ्याकडं वळून पाहणारं कोणी नव्हतं.

त्या दिवशी पाळकसाहेब येशूच्या पुन्हा उठण्याबद्दल बोलत होते. मरणातून उठला तरी त्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा तशाच होत्या, आणि त्याच्या माणसांनी त्याला त्या खुणांवरून ओळखलं. मी घरी येईपर्यंत तेवढंच घोकत होते. देवाचा मुलगा, त्याला खुणा पुसता आल्या नसत्या का? त्यानं ठेवल्या. मग माझ्या डोक्यावर खूण राहिली तर मी बरी झाले नाही असं कसं म्हणायचं?

घरात वाद झाला. सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? घरातले देव काय मेले?" मितालीचे बाबा विचार करून बोलणारे. ते म्हणाले, "तिले तिथं जाऊन झोप लागते. मी सोडतो, मीच आणतो. ज्याले बोलायचं त्यानं माह्याशी बोलावं." तुम्ही धर्म बदलला का, असं मला लोक विचारतात. कागदावर मी काही बदललं नाही. सासूबाईंच्या देवघरातली भांडी आजही मीच घासते. पण माझं मन कोणाजवळ मोकळं होतं, ते मला ठाऊक आहे, आणि ते मी लपवत नाही.

गोळ्या

हे मुद्दाम लिहिते, कारण यात मी चुकले.

एकदा बाहेरगावचे एक उपदेशक आले होते. त्यांनी मोठ्या आवाजात सांगितलं की ज्याचा पुरता विश्वास आहे त्याला औषध लागत नाही. माझी मिताली अजून नाकाडोंगरीलाच होती. मला वाटलं, माझा विश्वासच कमी पडतो आहे, म्हणून ती येत नाही. मी गोळ्या बंद केल्या. कोणाला सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी भंडाऱ्याच्या बसस्टँडवर कोणीतरी जनरेटर सुरू केला आणि मी रस्त्यावरच डोकं धरून खाली बसले. मागून येणाऱ्या ऑटोवाल्यानं वेळेवर ब्रेक दाबला म्हणून आज हे लिहायला मी आहे.

रूथ सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यावर रागावल्या. "पस्तीस वर्षं मी नर्सची नोकरी केली. प्रार्थना करत करतच इंजेक्शन दिले ना? त्या डॉक्टरले बुद्धी कोणं दिली? गोळी घेजो आणि आमेन म्हणजो. दोन्ही."

स्वतः बसमध्ये बसून त्या मला डॉक्टरांकडं घेऊन गेल्या. तुम्ही हे वाचत असाल आणि कोणी तुम्हाला दोन्हींपैकी एक निवडायला सांगत असेल, तर कृपा करून ऐकू नका. आता माझ्या गोळ्या कमी झाल्या आहेत. डॉक्टरांनी केल्या, मी नाही.

नाकाडोंगरी

पुन्हा स्थिर झाल्यावर आम्ही मितालीला भेटायला गेलो. त्याआधीही दोनदा गेलो होतो, पण ती नणंदेच्या मागं लपायची आणि मी रडत परत यायची. या वेळी रडायचं नाही असं ठरवलं होतं. अंगणात तिच्यापासून थोडी लांब बसले.

"मिताली, मी तुले भेव दाखवला. तुह्या कानाले लागलं. त्यात तुही काही चूक नव्हती, माही होती. मले माफ करशील का?"

आमच्याकडं आई-बाप पोरांची माफी मागत नाहीत. नणंद दारात उभी होती, ती आत निघून गेली. मिताली पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

"कैची कुठं आहे?" तिनं विचारलं.

"बाबानं पेटीत ठेवली. कुलूप लावून."

"चाबी?"

"त्यांच्याजवळच."

तिनं माती उकरणं थांबवलं. "आई, तुले अजून भेव वाटते?"

"वाटते. पहिल्यापेक्षा कमी."

"मलेबी," ती म्हणाली, आणि येऊन माझ्या बाजूला बसली. मांडीवर नाही, बाजूला. तेवढं मला पुष्कळ होतं.

परीक्षा झाल्यावर ती घरी आली. केस मानेपर्यंत वाढले होते. मी वेणीचं नावही काढलं नाही. तीच म्हणाली, मैत्रिणींसारखे आखूडच ठेवायचे. आजही आखूडच आहेत आणि तिला फार शोभतात.

सासूबाई

इथंच थांबणार होते. पण या पावसाळ्यानंतर जे झालं ते सांगितल्याशिवाय साक्ष पुरी होत नाही.

सासूबाईंना ताप आला. दहा दिवस उतरेना. अंगात त्राण नव्हतं, मी त्यांना भरवत होते, पुसत होते. एक दिवस दुपारी मिताली शाळेत आणि तिचे बाबा कामावर होते. मी त्यांच्या कपाळावर पट्टी ठेवत असताना त्यांनी माझं मनगट धरलं.

"वंदना, त्या दिवशी तुह्यं अंग दुखून राहिलं होतं. तू म्हणे, आई, आज मिलमध्ये नाही जात."

मला हे आठवतच नव्हतं. शाफ्ट आठवत होता, चप्पल आठवत होती, पण सकाळ पुरती पुसली गेली होती.

"मी म्हटलं, चार दिवसांचा हंगाम राहिला, घरी बसून काय करतेस, जाय. मीच तुह्या हातात डबा देल्ला." त्यांचे ओठ कोरडे पडले होते. "तुह्या डोक्याकडे पाहिलं का मले माहाच आवाज ऐकू येते. जाय, जाय. तीन वर्षं झाले. म्हणून मी पाहतच नाही."

दारातूनच माघारी फिरलेल्या त्या, मी बोलायला लागले की ताडकन उठून जाणाऱ्या त्या. मी त्याला राग समजत होते. माझ्याच घरात, बाजूच्याच खोलीत, माझाच आजार घेऊन एक म्हातारी बाई तीन वर्षं जगत होती, आणि तिला ना कोणी डॉक्टर होता, ना गुरुवार होता.

"तुह्या देवाले विचार," त्या म्हणाल्या, "मले माफी भेटते का."

मी आजवर दुसऱ्या कोणासाठी मोठ्यानं प्रार्थना केली नव्हती. डोक्यावरचा पदर सारखा करून मी त्यांचा हात धरला आणि जे तोंडात आलं ते बोलले. "प्रभू, ही माही आई आहे. हिनं मले जाय म्हटलं आणि मी गेली. हिले माहीत नव्हतं, मलेबी माहीत नव्हतं. माह्या मनात हिच्याबद्दल काही नाही. तूही ठेवू नको. हिले बरं कर." आमेन म्हणायचं राहूनच गेलं, कारण त्या हुंदके देत होत्या आणि मीही.

थोडं शांत झाल्यावर त्यांनी हात वर केला आणि माझ्या डोक्यावरचा पदर मागं सारला. मी खाली वाकले. त्यांनी पाहिलं. पहिल्यांदा, नीट, सगळं. मग बोटं ठेवली.

"दुखते का आता?"

"नाही."

"थंडीत?"

"थंडीत कातडी ओढल्यासारखी होते थोडी."

"तेल लागते तिले," त्या म्हणाल्या. "कोरडी पडली. मी लावून देत जाईन."

ताप उतरला तसं त्यांनी खोबरेल तेल वाटीत घेऊन मला पुढ्यात बसवलं. आता रोज सकाळी हेच चालतं. मी पदर काढून बसते, त्या बोटांनी हळूहळू तेल जिरवतात आणि मी हलले तर रागावतात.